थंडीच्या सकाळी जुना लॅपटॉप सुरूच होत नाही. मदरबोर्ड बदलण्याआधी काय तपासावे?

मखमलाबादकर

नमस्कार. आमच्याकडे २०१५ साली घेतलेला एक लॅपटॉप आहे. त्यात इंटेलचा पाचव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ४ जीबीच्या दोन रॅम आणि ५०० जीबीची जुन्या पद्धतीची हार्डडिस्क आहे. घेताना दुकानदाराने विंडोज ७ टाकून दिले होते आणि पुढे त्यावरच विंडोज १० चढवले गेले. द्राक्षबागेच्या फवारण्यांच्या नोंदी, मजुरीचे हिशेब आणि निर्यातीसाठी लागणारी सगळी कागदपत्रे याच लॅपटॉपवर आहेत आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नाही.

डिसेंबर लागल्यापासून दोन प्रकारचा त्रास होत आहे. सकाळी बटण दाबले की दिवा लागतो, पंखा क्षणभर फिरल्याचा आवाज येतो, पण स्क्रीन काळीच राहते आणि कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक अंतराने लुकलुकत राहतो. बंद-चालू करत राहिले की ऊन वर आल्यावर केव्हातरी कंपनीचे चिन्ह दिसते. मात्र चिन्ह दिसले तरी त्यानंतर बूट करण्यासाठी डिस्क सापडत नसल्याचा इंग्रजी संदेश येतो. मग माझा भाचा येऊन बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना सर्वात आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) काहीतरी बदलतो आणि विंडोज सुरू होते. त्या दिवशी पुन्हा काही अडचण येत नाही, पण दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

शहरातील एका दुकानात दाखवले तेव्हा मदरबोर्ड गेला असल्याचे सांगण्यात आले, आणि बदलायचा नसेल तर फॉरमॅट मारून (म्हणजे डिस्क पूर्ण पुसून) पाहू, असेही सुचवण्यात आले. फॉरमॅट हा शब्द ऐकल्यावर मी लॅपटॉप परत घेऊन आले. जानेवारीत माल काढणीला येईल, त्याआधी हा प्रश्न सुटायला हवा. खर्च करण्याची तयारी आहे, परंतु दोष खरोखर कुठे आहे हे समजल्याशिवाय करावासा वाटत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सातपूरकर

ताई, लॅपटॉप परत आणलात हे उत्तम केलेत. मी इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीच्या कामात बरीच वर्षे आहे आणि तुम्ही जी दोन लक्षणे वेगवेगळी करून लिहिली आहेत, त्यातच अर्धे निदान आहे असे माझे मत आहे.

बटण दाबल्यापासून विंडोज दिसेपर्यंत लॅपटॉपमध्ये कामांची एक ठरलेली साखळी चालते. आधी चार्जरकडून आलेल्या साधारण १९ व्होल्टचे ५ आणि ३.३ व्होल्ट तयार होतात, मग प्रोसेसरला वीज मिळते, प्रोसेसर बायोसचा प्रोग्राम वाचू लागतो, बायोस रॅम तपासते, त्यानंतर ग्राफिक्स आणि स्क्रीन जागी होते, आणि हे सगळे पार पडल्यावरच बायोस डिस्ककडे वळून विंडोज शोधू लागते. आधीची पायरी पूर्ण झाल्याशिवाय पुढची सुरू होत नाही. म्हणून बिघाड शोधताना लॅपटॉप कितव्या पायरीवर थांबला हे आधी ठरवावे लागते.

तुमचे पहिले लक्षण, म्हणजे काळी स्क्रीन आणि लुकलुकणारा दिवा, हे स्क्रीन जागी होण्याआधीचे आहे. त्या क्षणी डिस्कला अजून कोणी विचारलेलेही नसते, त्यामुळे फॉरमॅट मारून या लक्षणात तसूभरही फरक पडणार नाही. दुसरे लक्षण याच्या अगदी उलट आहे. डिस्क सापडत नाही असा संदेश स्क्रीनवर दिसतो, याचाच अर्थ वीज, प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स यांनी आपापले काम केलेले आहे. मदरबोर्डच खराब असता तर भाच्याने एक सेटिंग बदलल्यावर दिवसभर सुरळीत चालला नसता. मला येथे एक नव्हे, दोन स्वतंत्र दोष दिसतात.

पुढे जाण्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. अडचण आल्यावर तारीख आणि वेळ बरोबर दिसते का? लॅपटॉपची मुख्य बॅटरी चालू स्थितीत आहे का? रात्री चार्जर लावलेला राहतो की भिंतीवरचे बटण बंद करता? भाचा बायोसमध्ये नेमके काय बदलतो? आणि कॅप्स लॉकचा दिवा कोणत्या क्रमाने लुकलुकतो, म्हणजे लांब किती वेळा आणि आखूड किती वेळा, हे कृपया मोजून लिहा.

कॉलेजरोडवासी

मला यात थंडीचाच संबंध वाटतो. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली जातो आणि मळ्यातल्या घरात तर गारठा आणखी जास्त असतो. वर्षानुवर्षे तापणे आणि थंड होणे चालू राहिल्याने बोर्डवरच्या चिपखालच्या सोल्डरला सूक्ष्म तडे जातात. थंडीत धातू आकसला की जोड सुटतो आणि गरम झाल्यावर पुन्हा जुळतो. ऊन वर आल्यावर सुरू होणे हे त्याचेच लक्षण नाही का? इंटरनेटवर काही जण हेअर ड्रायरने बोर्ड गरम करण्याचा उपाय सुचवतात.

सातपूरकर

तडे जाण्याविषयी आपण लिहिले आहे ते खरे आहे आणि ती शक्यता मी नाकारत नाही. परंतु हेअर ड्रायरचा उपाय कृपया कोणीही करू नये. सोल्डर वितळायला २०० अंश सेल्सिअसहून जास्त तापमान लागते. ड्रायरने ते गाठले जात नाही, मात्र प्लास्टिकचे कनेक्टर वाकतात, केबलचे डिंक सुटतात आणि आजूबाजूचे चांगले भाग भाजून निघतात. लॅपटॉप थोडा वेळ चालला तरी तो दुरुस्त झालेला नसतो.

दुसरे असे की सकाळ आणि थंडी या दोन गोष्टी येथे एकत्र आल्या आहेत, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय थंडीला दोष देता येणार नाही. सकाळी लॅपटॉप गार असतो हे जसे खरे, तसेच तो रात्रभर बंद होता हेही खरे. ताईंच्या उत्तरांची वाट पाहू.

मखमलाबादकर

सर्वांचे आभार. उत्तरे देत आहे.

मुख्य बॅटरी गेल्या वर्षीच पूर्णपणे संपली, म्हणून ती काढून कपाटात ठेवली आहे. लॅपटॉप केवळ चार्जरवर चालतो. रात्री काम झाले की आम्ही भिंतीवरचे बटण बंद करतो, कारण परिसरात वीज ये-जा करते. तारखेकडे मी आजवर लक्ष दिले नव्हते. आज पाहिले तर बायोसमध्ये १ जानेवारी २०१५ ही तारीख होती. इंटरनेट जोडल्यावर विंडोज ती आपोआप सुधारते, त्यामुळे ते लक्षात आले नसावे. भाच्याला विचारले, तो बूट मोड, म्हणजे विंडोज शोधून सुरू करण्याची पद्धत, यूईएफआय या नव्या पद्धतीवरून लेगसी या जुन्या पद्धतीवर नेतो. हे त्याने एका व्हिडिओत पाहिले होते. दिव्याचे म्हणाल तर आधी तीन वेळा लांब, मग दोन वेळा आखूड आणि थोडे थांबून पुन्हा तेच.

सातपूरकर

आता चित्र बरेच स्पष्ट झाले.

बोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये तो सीआर २०३२ या क्रमांकाचा, ३ व्होल्टचा असतो. लॅपटॉपला दुसरीकडून वीज मिळत नसेल तेव्हा आतले घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. मुख्य बॅटरी असते तोपर्यंत त्याच्यावर फारसा भार येत नाही. तुमच्याकडे बॅटरी काढलेली, रात्री भिंतीवरचे बटण बंद, त्यामुळे रात्रभर घड्याळ केवळ या सेलवर असते. दहा वर्षांचा सेल क्षीण झालेला असणार, आणि थंडीत अशा सेलचा व्होल्टेज आणखी खाली उतरतो. घड्याळाची वीज तुटली होती हे लक्षात आले की अनेक लॅपटॉपमधले बायोस आपल्या सगळ्या सेटिंग कारखान्यातल्या मूळ स्थितीला नेते. तुमच्या लॅपटॉपची मूळ स्थिती यूईएफआय असावी. तुमचे विंडोज मात्र विंडोज ७ च्या काळात लेगसी पद्धतीने टाकलेले आहे. त्यामुळे बायोस विंडोज नको त्या पद्धतीने शोधते, त्याला ते सापडत नाही आणि तो संदेश येतो. भाचा लेगसी निवडतो, दिवसभर चार्जर चालू असल्याने सेटिंग टिकते आणि रात्री बटण बंद केले की पुसली जाते.

हे खरे की खोटे हे ठरवण्यासाठी एक पैसाही खर्च करावा लागणार नाही. आज रात्री लॅपटॉप नेहमीसारखा बंद करा, पण भिंतीवरचे बटण चालू राहू द्या. खोलीतला गारठा कालच्याइतकाच असेल, बदललेली गोष्ट एकच. सकाळी तारीख बरोबर असेल आणि डिस्क सापडली तर दुसऱ्या लक्षणाचे कारण सेल आहे हे नक्की. आणि तरीही आधी काळी स्क्रीन आली, तर तो दोष वेगळा आहे हेही त्याच वेळी कळेल.

लांब आणि आखूड लुकलुकण्याविषयी सांगायचे तर हा बायोसचा बोलण्याचा मार्ग आहे. स्क्रीन उपलब्ध नसताना ते दिव्याच्या किंवा बीपच्या भाषेत सांगते. ही भाषा प्रत्येक कंपनीची निराळी असते. उदाहरणार्थ, डेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर दोन वेळा पिवळसर आणि तीन वेळा पांढरा दिवा म्हणजे रॅम सापडली नाही, तर एचपीच्या गेल्या दशकातल्या लॅपटॉपवर तीन लांब आणि दोन आखूड म्हणजे रॅमच्या तयारीपाशी अडले. म्हणून तुमच्या मॉडेलची माहितीपुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि त्यातल्या तक्त्याशी ताडून पाहा. माझा अंदाज रॅमकडे झुकतो.

गोदाकाठ

सातपूरकरांच्या चाचणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे, पण त्याआधी एक कळकळीची विनंती करतो. ताई, नोंदींची दुसरी प्रत नाही असे आपण लिहिले आहे. दहा वर्षांची फिरती डिस्क केव्हा थांबेल हे कोणीही सांगू शकत नाही, आणि रोज सकाळी बंद-चालू करण्याच्या या प्रकारात तिच्यावरही ताण येतोच. त्यामुळे लॅपटॉपचे काय होते ते नंतर पाहता येईल, आज आधी डेटा वाचवा.

सर्वसाधारण सल्ला असा असतो की पेनड्राइव्हवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकून त्यावरून लॅपटॉप सुरू करावा आणि फाइली कॉपी कराव्यात. येथे मी तसे सुचवणार नाही, कारण रॅमवरच संशय आहे. कॉपी होणारी प्रत्येक फाइल रॅममधून जाते. रॅम चुकत असेल तर कॉपी पूर्ण झाल्याचे दिसेल, पण आतली फाइल बिघडलेली असू शकेल आणि ते कित्येक महिन्यांनी कळेल. त्यापेक्षा डिस्क बाहेर काढा. चार्जर काढून, बटण अर्धा मिनिट दाबून धरून उरलेली वीज जाऊ द्या, मागचे झाकण उघडा. अडीच इंची साटा डिस्क दोन-चार स्क्रूंवर बसलेली असते. एम.जी. रोडवर कॉम्प्युटरच्या दुकानात अशा डिस्कसाठी यूएसबीची केस मिळते. तीत डिस्क बसवून चांगल्या स्थितीतल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा.

जोडल्यावर काही प्रश्न विचारले जातील, तेथे जपून वागावे. डिस्क तपासून दुरुस्त करायची का, असे विंडोजने विचारले तर नाही म्हणा. फॉरमॅट करायची का, असे विचारले तर अर्थातच नाही. तुमच्या नावाचे फोल्डर उघडताना परवानगी नाही असा संदेश येईल, तेथे पुढे जाण्याचा पर्याय निवडा. हजारो फाइली असतील तर त्याला बराच वेळ लागतो, तोवर केबल ओढू नका.

अनेक जण घाईने चेकडिस्क हे विंडोजचे डिस्क तपासण्याचे साधन चालवतात, त्याविषयी मला विशेष सांगायचे आहे. खराब सेक्टर (डिस्कवरचे माहिती साठवण्याचे छोटे कप्पे) शोधण्याच्या पर्यायासह चेकडिस्क चालवले की ते संपूर्ण डिस्क वाचत बसते आणि सापडलेल्या दोषांवर तिथल्या तिथे बदल लिहिते. मरायला टेकलेल्या डिस्कवर हा भार अखेरचा ठरू शकतो. प्रत हातात आल्याशिवाय दुरुस्तीचे कोणतेही साधन डिस्कवर चालवू नये, हे माझे ठाम मत आहे. कॉपी करताना डिस्क अडखळू लागली, खडखड आवाज येऊ लागला, तर तेथेच थांबा. अशा वेळी लिनक्समधील डीडीरेस्क्यू हे साधन आधी वाचता येणारा भाग उचलते आणि कठीण भागाकडे नंतर वळते. तेही जमत नसेल तर डेटा परत मिळवून देणाऱ्या व्यावसायिकांकडे जावे.

प्रत झाल्यावर क्रिस्टल-डिस्क-इन्फो हा मोफत प्रोग्राम चालवून डिस्कची प्रकृती पाहा. त्यात ०५, सी-५ आणि सी-६ या तीन ओळी महत्त्वाच्या. पहिली बदलून टाकलेले सेक्टर दाखवते, दुसरी वाचता न आल्याने प्रलंबित राहिलेले आणि तिसरी दुरुस्तीपलीकडचे. यातील आकडे सोळा-आधारी पद्धतीने दिसतात, म्हणजे १० लिहिले असेल तर ते १६ समजावे. सी-५ शून्याच्या वर असेल तर त्या डिस्कवर यापुढे विसंबू नये.

अंबड लिंक रोड

चार्जरविषयी थोडे लिहितो, कारण अशा तक्रारींत तो सहसा कोणी तपासत नाही. चार्जरच्या अंगावर १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर असे लिहिलेले असेल तर तो ६५ वॅटचा. मल्टिमीटरने टोकाशी व्होल्टेज मोजता येते, मात्र नुसता मोजून १९.५ आला म्हणून चार्जर निर्दोष ठरत नाही. जुना चार्जर भार नसताना पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि लॅपटॉपने खरोखर वीज ओढली की कोसळतो. बॅटरी काढलेली असल्याने सुरू होतानाचा सगळा झटका ताईंच्या चार्जरवरच येतो. त्यामुळे शक्य असेल तर तेवढ्याच वॅटचा दुसरा चार्जर उसना आणून एकदा पाहावे.

ज्या चार्जरच्या टोकात मधोमध बारीक पिन असते, तिच्यातून लॅपटॉप चार्जरची ओळख पटवतो. ती वाकली किंवा तिची तार तुटली तर चार्जर ओळखता आला नाही असा संदेश येतो, बॅटरी भरत नाही आणि लॅपटॉप मंद चालतो. पाहायला ही मदरबोर्डची तक्रार वाटते, असते ती वायरची.

कपाटात ठेवलेली मुख्य बॅटरी फुगलेली नाही ना, हेही पाहून घ्या. फुगलेली असेल तर ती टोचू नका, दाबू नका, घरात ठेवू नका आणि कचऱ्यातही टाकू नका. ई-कचरा स्वीकारणाऱ्यांकडे ती सोपवावी.

मखमलाबादकर

सर्वांच्या सूचनांप्रमाणे केले. आधी डिस्क बाहेर काढून भाच्याच्या कॉम्प्युटरला जोडली. त्याने डिस्क तपासायची का असे विचारले, तेव्हा नाही म्हटले. सगळ्या नोंदी कॉपी झाल्या. शेवटच्या काही फोटोंपाशी ती बराच वेळ अडखळली, पण थांबली नाही. कॉपी झालेल्या गेल्या हंगामाच्या फवारणीच्या फाइली उघडून, औषधाचे नाव, प्रमाण आणि तारीख या रकान्यांतल्या नोंदी वहीतल्या नोंदींशी ताडून पाहिल्या. सगळे जुळले. गोदाकाठ, तुमचे उपकार कसे मानावेत तेच कळत नाही. सी-५ च्या ओळीत १८ हा आकडा आहे, म्हणजे तुमच्या सांगण्याप्रमाणे २४.

त्यानंतर डिस्क परत बसवून, भाच्याकडून पुन्हा लेगसी लावून घेतले आणि रात्री भिंतीवरचे बटण चालू ठेवले. सकाळी तारीख बरोबर होती. आधी नेहमीप्रमाणे काळी स्क्रीन आणि तोच तीन-दोनचा दिवा आला, परंतु एकदा चिन्ह दिसल्यावर विंडोज सरळ सुरू झाले, बायोसमध्ये जावे लागले नाही. माहितीपुस्तिकेत पाहिले, तीन-दोनचा अर्थ रॅमशीच संबंधित आहे. चार्जरही शेजाऱ्यांचा लावून पाहिला, काही फरक पडला नाही.

सातपूरकर

अतिशय पद्धतशीर काम केलेत. दोन्ही दोष वेगळे झाले. आता रॅम.

चार्जर काढा, बटण अर्धा मिनिट दाबून धरा. लॅपटॉप उघडण्याआधी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला हात लावा, कारण थंडीच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर विद्युत साचते आणि लोकरीचा स्वेटर घालून रॅम हाताळणे तर टाळावेच. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या पातळ पत्र्याच्या खिट्या बाहेरच्या दिशेला हळूच ढकलल्या की रॅम आपोआप तिरकी वर येते. ती कडांनी धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. पट्ट्यांवर काळसर थर दिसेल. पांढऱ्या मऊ खोडरबराने त्या एकाच दिशेने हलक्या हाताने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या सुती कापडाने चुरा काढून टाका. सॅन्डपेपर लावू नका, सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असतो. खाचेतली धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटका.

त्यानंतर एकच रॅम एका खाचेत बसवा. ४५ अंशांच्या तिरक्या कोनात पूर्ण आत सरकवून मग खाली दाबायची असते. सोनेरी पट्टी बाहेर दिसत राहिली तर ती नीट बसलेली नाही. सुरू होते का पाहा. मग तीच रॅम दुसऱ्या खाचेत, नंतर दुसरी रॅम पहिल्या खाचेत, अशा जोड्या लावत जा. एक रॅम दोन्ही खाचांत अडत असेल तर दोष रॅमचा. दोन्ही रॅम एकाच खाचेत अडत असतील तर दोष खाचेचा, आणि तेव्हा मात्र बोर्डचे काम निघू शकते. ही परीक्षा सकाळच्या गारठ्यातच करा, कारण दुपारी सगळेच चालेल आणि काहीही कळणार नाही.

रॅम बदलावी लागलीच तर तुमच्या प्रोसेसरच्या पिढीला १.३५ व्होल्टची डीडीआर-३ एल लागते, २०४ पिनांची. डीडीआर-४ रॅमच्या कडेचा काप वेगळ्या ठिकाणी असतो, ती बसणार नाही.

झाकण उघडलेलेच आहे तर नाणे-सेलही बदलून टाका. बहुतेक लॅपटॉपमध्ये तो प्लास्टिकच्या वेष्टनात असतो आणि त्याला दोन वायरींचा छोटा प्लग असतो. तसाच वायरीसह तयार सेल मागा. सुट्ट्या सेलवर घरी सोल्डर करू नका, उष्णतेने तो फुटू शकतो.

नाशिकरोडकर

हा धागा वाचून इतर वाचकांपैकी कोणी आपल्या नव्या लॅपटॉपवर हेच प्रयोग करतील, म्हणून एक सावधगिरीची सूचना. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या सोयीने कुलूपबंद असते आणि बायोसची सेटिंग बदलली की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते. बायोसला हात लावण्याआधी ती कागदावर उतरवून घ्या. काही पातळ लॅपटॉपमध्ये तर रॅम बोर्डवरच चिकटवलेली असते, तेथे वरील जोड्या लावण्याचा उपाय लागू होत नाही.

शिवाय काळी स्क्रीन म्हणजे नेहमी रॅमच असे नाही. दिवा लुकलुकत नसेल आणि विंडोजचा आवाज येत असेल तर लॅपटॉप सुरू झालेला आहे, फक्त दिसत नाही. अंधारात स्क्रीनवर तिरका टॉर्च मारून अंधूक चित्र दिसते का पाहावे, किंवा एचडीएमआयने टीव्हीला जोडावे.

मखमलाबादकर

काम झाले. दोन्ही रॅमच्या पट्ट्यांवर तपकिरी-काळा थर होता, एकीवर तर मधल्या काही पट्ट्या जवळजवळ झाकल्या गेल्या होत्या. आमच्याकडे फवारणीच्या दिवसांत हवेत गंधकाची बारीक भुकटी असते आणि लॅपटॉप ओट्यावरच्या टेबलावर असतो, त्याचाही हा परिणाम असू शकेल का, असा प्रश्न पडला. पुसल्यानंतर चारही जोड्या भल्या सकाळी लावून पाहिल्या आणि चारही वेळा चिन्ह लगेच दिसले. नंतर मेमटेस्ट-८६ प्लस या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामची एक संपूर्ण फेरी रात्रभर चालवली, त्यात एकही चूक निघाली नाही. जुना सेल भाच्याने मल्टिमीटरने मोजला तर २.१ व्होल्ट भरला. नवा बसवला आहे. आता रात्री भिंतीवरचे बटण बंद केले तरी सकाळी तारीख आणि लेगसी दोन्ही जागेवर असतात.

सातपूरकर

मनापासून आनंद झाला. गंधकाबद्दलचा तुमचा तर्क रास्त आहे. गंधक आणि त्याची संयुगे तांबे-चांदीसारख्या धातूंना काळवंडवतात. सोन्याचा मुलामा झिजलेला असेल तेथे खालच्या धातूपर्यंत ती पोहोचतात. लॅपटॉप ओट्यावरून आतल्या खोलीत हलवा आणि फवारणीच्या दिवसांत झाकून ठेवा.

दुकानदाराविषयीही दोन शब्द लिहावेसे वाटतात. रॅम आणि खाचा आलटून-पालटून पाहणे, रात्रभर वाट पाहून तारीख तपासणे यासाठी जो वेळ लागतो त्याचे पैसे ग्राहक सहसा देत नाही, आणि बोर्ड बदलण्याचे मात्र देतो. म्हणून दुरुस्तीला देताना तपासणीचे वेगळे शुल्क देण्याची तयारी आधीच सांगावी आणि काय मोजले, कोणत्या पायरीवर थांबते, हे लेखी मागावे. प्रामाणिक कारागीर ते आनंदाने लिहून देतो.

गोदाकाठ

आता उरली डिस्क. २४ प्रलंबित सेक्टर असलेल्या डिस्कवर पुढचा हंगाम काढू नये. अडीच इंची साटा एसएसडी (फिरता भाग नसलेली डिस्क) याच जागेत बसते आणि तुमच्या हिशेबासाठी २५६ जीबी पुरेसे होतात. जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल करण्यापेक्षा नवी प्रणाली टाकावी, कारण वाचता न आलेल्या सेक्टरमध्ये विंडोजच्याही काही फाइली असू शकतात. नव्याने टाकताना बायोसमध्ये यूईएफआयच राहू द्या, म्हणजे पुढे केव्हा सेल संपला तरी मूळ सेटिंग आणि तुमची प्रणाली यांचे जुळेल.

कोणती प्रणाली टाकावी हा निर्णय तुमचा. विंडोज १० साठीचा मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालते, त्यामुळे पाचव्या पिढीला तो मार्ग बंद आहे. मी स्वतः अशा लॅपटॉपवर लिनक्स मिंट सुचवतो. ते ८ जीबी रॅमवर सुरळीत चालते, तुमच्या एक्सेलच्या फाइली लिबर ऑफिसमध्ये उघडतात आणि ग्रेपनेटसारखी (द्राक्षनिर्यातीच्या ऑनलाइन नोंदणीची) कामे ब्राउझरमधून होतात. बसवण्याआधी पेनड्राइव्हवरून नुसते चालवून पाहा. छपाईयंत्र चालते का आणि मराठी टाइप करता येते का, या दोन गोष्टी आधी तपासून मगच ठरवा.

देवळालीकर

माझ्याकडेही त्याच सुमाराचा लॅपटॉप आहे आणि तारीख मागे जाते. मदरबोर्डवर सेल दिसत नाही, झाकण उघडून पाहिले. कोणत्याही कंपनीचा वायरवाला सेल चालतो का?

सातपूरकर

काही मॉडेलमध्ये सेल कीबोर्डखाली किंवा बोर्डच्या उलट बाजूला असतो, आणि काहींत तो मुळी नसतोच, घड्याळ मुख्य बॅटरीवरच चालते. तुमची मुख्य बॅटरी कमजोर झाली असेल तर तारीख मागे जाण्याचे कारण तेच असू शकते. माहितीपुस्तिकेतील उघडण्याच्या आकृतीत हे दाखवलेले असते. सेल असेल तर कंपनी कोणतीही चालते, परंतु व्होल्टेज ३ असावे, प्लगचा आकार तोच असावा आणि तांबडी व काळी वायर प्लगमध्ये जुन्या सेलप्रमाणेच त्याच बाजूंना असावी. काही तयार सेलमध्ये ती उलट असते. बसवण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून पाहा आणि मगच लावा.